सासर किसुमूचे, तयारी इथली

मुलीचे सासर म्हणजे एस.टी.ने फार तर पाच-सहा तासांचे अंतर, असा आपल्याकडचा हिशेब. आता तो बदलू लागला आहे. पुण्या-मुंबईला शिकायला गेलेल्या मुलांची परदेशी विद्यार्थ्यांशी ओळख होते आणि काहींची लग्नेही होतात. मग पहिल्यांदा सासरी जाताना साड्या, लोणची, भेटवस्तू यांची यादी होते. प्रकृतीची यादी मात्र कोणी करीत नाही.

आमच्या ओळखीतील एका मुलीने पुण्यात शिकत असताना केनियातील किसुमूच्या मुलाशी लग्न केले. यंदा ती प्रथमच तीन आठवड्यांसाठी सासरी निघाली. महिनाभर आधी तिची आई दोघांना घेऊन दवाखान्यात आली. आईच्या चेहऱ्यावर धास्ती स्पष्ट दिसत होती. त्यांना जे सांगितले, ते वाचकांसाठी लिहितो.

पीतज्वर : किसुमू हे व्हिक्टोरिया सरोवराच्या काठचे शहर. केनियात पीतज्वर आहे, आपल्याकडे नाही. पण तो पसरवणारा एडिस डास आपल्याकडे मुबलक आहे. म्हणून अशा देशातून परतताना लशीचा दाखला नसेल, तर आपले सरकार सहा दिवसांपर्यंत वेगळे ठेवू शकते. लस फक्त सरकारमान्य केंद्रातच मिळते. दाखला लशीनंतर दहा दिवसांनी लागू होतो आणि 2016 पासून तो जन्मभर चालतो. गरोदर स्त्रिया व अंड्याची तीव्र ॲलर्जी असणाऱ्यांनी तसे आधीच सांगावे.

हिवताप : गोळ्यांचा विषय निघाला तेव्हा जावई हसले. "डॉक्टर, लहानपणी मला कितीदा मलेरिया झाला. गोळ्या हिला द्या, मला नकोत." बाहेरगावी राहणारे आणि घरच्यांना भेटायला जाणारे बहुतेक जण असेच म्हणतात, आणि धोका त्यांनाच असतो. वारंवार डास चावून आलेली प्रतिकारशक्ती अर्धवटच असते. काही वर्षे त्या भागाबाहेर राहिले की तीही ओसरते. तिथला हिवताप मुख्यतः फॅल्सिपॅरम जातीचा असतो. तो मेंदूवर जाऊ शकतो, आणि आपल्या ओळखीच्या क्लोरोक्विनवर तिथे विसंबता येत नाही. म्हणून दोघांनाही डॉक्सिसायक्लिन दिले. जाण्याच्या एक-दोन दिवस आधी सुरू करायचे, रोज एक गोळी जेवणानंतर भरपूर पाण्याबरोबर घ्यायची आणि परतल्यावर चार आठवडे चालू ठेवायची. गरोदरपणात हे औषध चालत नाही, तेव्हा मनाने घेऊ नये. शिवाय मच्छरदाणी हवीच.

सरोवर : पाणी मोहक असले तरी त्यात उतरू नये. तिथल्या गोगलगायींतून बिल्हार्झियाचे सूक्ष्म जंतू पाण्यात येतात आणि थेट कातडीतून शरीरात शिरतात. हा रोग आपल्याला अगदीच परका नाही. रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी गावी तो आढळल्याची नोंद 1952 साली झाली होती.

सिकलसेल : बोलता बोलता जावयांनी सांगितले, की त्यांच्या बहिणीच्या मुलाचे हातपाय वरचेवर दुखतात, अंगात रक्त राहत नाही. मी लगेच दोघांचेही रक्त हिमोग्लोबिनच्या तपासणीसाठी पाठवले. विदर्भात आणि नंदुरबारकडे आढळणारा सिकलसेल व्हिक्टोरिया सरोवराच्या काठीही खूप आहे. कारण दोन्हीकडे एकच, पिढ्यान्पिढ्यांचा हिवताप. सिकलसेलच्या वाहकाला हिवताप सहसा गंभीर होत नाही, म्हणून हा दोष तिथे टिकून राहिला. पण आई-वडील दोघेही वाहक असले, तर प्रत्येक गरोदरपणात मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते.

तपासणीत जावई वाहक निघाले, मुलगी नाही. याचा अर्थ त्यांच्या मुलांना हा आजार होणार नाही, फार तर मूल वाहक होईल. आईने सुटकेचा श्वास टाकला. जावयांना मात्र बजावले, "वाहक आहात म्हणून गोळ्या सोडायच्या नाहीत!" दोघेही वाहक निघाले असते, तरी आधी कळल्यामुळे गरोदरपणाच्या सुरुवातीलाच गर्भाची तपासणी करता आली असती. लग्नाआधीच ही तपासणी झाली तर उत्तमच.

जेवणाची फार काळजी नको. 1901 साली मोंबासाहून निघालेली रेल्वे किसुमूला पोचली. ती बांधणाऱ्यांत हजारो हिंदी मजूर होते. चपाती, चहा आणि 'कचुंबरी' हे शब्द आजही तिथे चालतात. उगाली म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड. हाताने मुटका करून ती भाजीबरोबर किंवा माशाबरोबर खातात. गरम वाढलेले आनंदाने खावे. कच्ची कचुंबरी आणि न उकळलेले पाणी मात्र गोड बोलून टाळावे. पोट बिघडलेच तर जवळ ओ.आर.एस.ची पाकिटे असावीत.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. परतल्यावर तीन महिन्यांत, क्वचित वर्षभरातही, ताप आला तर त्याच दिवशी रक्त तपासावे आणि "मी आफ्रिकेत जाऊन आलो" हे डॉक्टरांना न विचारता सांगावे. साधा ताप म्हणून दोन दिवस घरी काढले, तर तेवढ्यातही जिवावर बेतू शकते.