हसतमुख माणसाचा हिशेब

अमेरिकेतल्या ‘स्कूल सिस्टर्स ऑफ नोत्र दाम’ या ख्रिस्ती संघात आलेल्या तरुण नन्सना आपली छोटीशी जीवनकहाणी हाताने लिहून द्यावी लागे. तेव्हा त्यांचं वय सरासरी बावीस. साठेक वर्षांनी संशोधकांनी अशा १८० कहाण्या तपासल्या. ज्यांच्या लिखाणात आनंद, आशा, कृतज्ञता जागोजागी होती, त्या अधिक जगल्या होत्या. सर्वांत आनंदी आणि सर्वांत कोरडं लिहिणाऱ्या गटांत मृत्यूच्या जोखमीचा फरक अडीच पटींचा निघाला. सगळ्यांचं राहणं-खाणं जवळपास सारखंच असल्यामुळे २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षाला वजन आलं.

म्हणून लगेच ‘हसा आणि शंभरी गाठा’ म्हणायचं कारण नाही. मानसशास्त्रज्ञ लुईस टर्मन यांनी १९२१ मध्ये कॅलिफोर्नियात सुमारे दीड हजार हुशार मुलांचा अभ्यास सुरू केला. पुढे १९९३ मध्ये हॉवर्ड फ्रीडमन आणि सहकाऱ्यांनी त्याच नोंदी चाळल्या, तर दीर्घायुषी ठरली ती नेटकी, जबाबदार मुलं. लहानपणी भारी आनंदी म्हणून नावाजलेली मुलं सरासरीने थोडी आधीच गेली होती. मोठेपणी त्यांच्यात दारू-सिगारेट जास्त होती. ‘काही होत नाही’ ही वृत्ती त्यांना भोवली असावी.

तेव्हा आनंदी असणं आणि बेफिकीर असणं यांत गल्लत नको. तशीच गल्लत हसतमुख आणि मनमिळाऊ यांत होते. पहिला गुण आपल्या मनाचा, दुसरा समोरच्याशी वागण्याचा. गर्दीने फुललेल्या एसटीत आजीबाई वीस रुपयांच्या तिकिटाला पाचशेची नोट काढतात. एक कंडक्टर खेकसतो. दुसरा म्हणतो, ‘‘बसा आजी, उतरताना घ्या,’’ आणि तिकिटामागे बाकी लिहून देतो. नियम दोघांचा एकच, पैसेही तेवढेच. दुसऱ्याच्या गाडीत मात्र पुढचे चार प्रवासी आपणहून सुट्टे काढतात. मनमिळाऊपणाचा खरा फायदा हा असा भोवतालच्यांना होतो.

अर्थात मनमिळाऊ म्हणजे होयबा नव्हे. तोच कंडक्टर फुकट्याला तिकीट काढायलाच लावतो, फक्त चारचौघांत त्याची अब्रू काढत नाही.

‘स्वभावाला औषध नाही’ हे अर्धंच खरं. जुळ्यांवरचे अभ्यास सांगतात की, माणसामाणसांच्या स्वभावांतल्या फरकात आनुवंशिकतेचा वाटा ढोबळमानाने निम्मा. शिवाय सरासरी माणूस वयाबरोबर अधिक मिळतंजुळतं घेऊ लागतो, असंही दिसतं. गीतेच्या सतराव्या अध्यायात मनाची प्रसन्नता आणि सौम्यपणा यांची गणना तपात केली आहे. तप म्हटलं की रोजचा सराव आला. तो सुरू करायला घरातली सकाळची घाई पुरेशी आहे: डबा, पाणी, रिक्षा सगळं एकदम अंगावर येतं, आणि तरीही आवाज न चढवता बोलायचं असतं.