तयार संगणकाची निवड : नाव आणि गुण

ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा हा छिंदवाड्यापासून वेगळा असा मध्य प्रदेशाचा स्वतंत्र जिल्हा झाला आणि सौंसर त्यात समाविष्ट झाले. जिल्हा झाला म्हणजे कचेऱ्या आल्या, कचेऱ्या आल्या म्हणजे अर्ज आले. आणि आजच्या काळी अर्ज म्हटला की संगणक आलाच. एमपी ऑनलाइनचे कियोस्क, लोकसेवा केंद्र, शाळेचे कार्यालय, संत्र्याच्या व्यापाऱ्याची पेढी, या सर्व ठिकाणी टेबलावर ठेवावयाचा संगणक आज तराजूइतकाच आवश्यक झाला आहे. तो चार दिवस बंद राहिला, तर कोणाचा शिष्यवृत्तीचा अर्ज राहतो, कोणाची खसऱ्याची नक्कल अडते, आणि कियोस्क चालविणाऱ्याची चार दिवसांची मिळकत बुडते ती निराळीच. म्हणून कोणत्या कंपनीचा तयार संगणक घ्यावा हा प्रश्न हौसेचा नसून व्यवहाराचा आहे, आणि त्याचा विचारही व्यवहाराच्या दृष्टीनेच झाला पाहिजे.

प्रथम हे ध्यानात घ्यावयास हवे की, निरनिराळ्या कंपन्यांचे संगणक अंतरंगात फारसे निराळे नसतात. याला इतिहास कारण आहे. १२ ऑगस्ट १९८१ रोजी अमेरिकेतील आयबीएम या कंपनीने आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला. त्याचे बहुतेक भाग बाहेरून विकत घेतलेले असल्यामुळे इतरांना तसाच संगणक तयार करणे शक्य झाले. १९८२ मध्ये कॉम्पॅक निघाली, १९८४ मध्ये टेक्ससमध्ये मायकेल डेल यांनी डेलचा पाया घातला, आणि तैवानमधील मल्टिटेक ही कंपनी १९८७ मध्ये एसर या नावाने ओळखली जाऊ लागली. पुढे २००२ मध्ये एचपीने कॉम्पॅक विकत घेतली आणि २००५ मध्ये खुद्द आयबीएमचा संगणकाचा धंदा चीनच्या लेनोवोकडे गेला. २०२४ साली जगातील विक्रीत लेनोवो, एचपी व डेल असा क्रम होता. या सर्वांच्या यंत्रांत प्रोसेसर इंटेलचा किंवा एएमडीचा असतो. रॅम आणि डिस्क बनविणारे कारखानेही मोजकेच आहेत. तेव्हा ‘अमुक कंपनीचा संगणक वेगवान’ हे विधान मुळातच अपुरे आहे. वेग कंपनीच्या नावावर नव्हे, तर आत काय बसविले आहे त्यावर अवलंबून असतो.

आपल्या देशातही एकेकाळी एचसीएल, विप्रो, झेनिथ ही नावे घरोघर माहीत होती. १९७६ मध्ये स्थापन झालेली एचसीएल आणि तिच्याबरोबरीची विप्रो या दोघींनीही २०१३ च्या सुमारास संगणक बनविणे थांबविले. ज्यांच्याकडे त्यांची यंत्रे होती त्यांना सुट्या भागांसाठी वणवण करावी लागणे ओघानेच आले. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. संगणक घेताना केवळ वस्तू घ्यावयाची नसते. तिच्यामागे उभी राहणारी व्यवस्थाही घ्यावयाची असते.

आता मुख्य तुलनेकडे वळू. पांढुर्ण्याच्या संत्रा उत्पादकास आंबिया बहार आणि मृग बहार यांतील फरक सांगावयास नको. बाग एकच, झाडाची जात एकच. परंतु दोन्ही बहारांचे फळ सारखे नसते, आणि व्यापारीही भाव सांगण्यापूर्वी बहार कोणता हे विचारतो. संगणक कंपन्यांचेही असेच दोन बहार असतात : एक घरगुती, दुसरा कार्यालयीन. डेलमध्ये इन्स्पिरॉन घरगुती आणि ऑप्टिप्लेक्स कार्यालयीन. जानेवारी २०२५ मध्ये ही जुनी नावे बदलून ‘डेल’, ‘डेल प्रो’ आणि ‘डेल प्रो मॅक्स’ अशी नवी रचना त्या कंपनीने जाहीर केली. एचपीमध्ये पॅव्हिलियन घरगुती, तर प्रोडेस्क व एलिटडेस्क कार्यालयीन. लेनोवोमध्ये आयडियासेंटर घरगुती आणि थिंकसेंटर कार्यालयीन. यांपैकी थिंकसेंटर हे नाव २००३ मध्ये आयबीएमनेच दिलेले आहे. एसरमध्ये अस्पायर घरगुती व व्हेरिटन कार्यालयीन. लोक एका कंपनीचा घरगुती संगणक दुसरीच्या कार्यालयीन संगणकाशी तोलतात आणि मग पहिली कंपनी वाईट ठरवतात. ही तुलना न्यायाची नव्हे. कार्यालयीन यंत्रास बहुधा हमीची मुदत अधिक मिळते, त्याचे आवरण उघडावयास सोपे असते, आणि त्याचे सुटे भाग अधिक वर्षे मिळत राहतात. त्याची किंमत अधिक असते ती या गोष्टींसाठी.

कार्यालयीन यंत्रांची एक अडचण मात्र ग्राहकाला क्वचितच सांगितली जाते. विजेचा पुरवठा करणारा जो डबा, ज्याला दुकानदार एसएमपीएस म्हणतात, तो ग्रामीण भागातील वीज कमीजास्त होण्यामुळे सर्वांत आधी जळणाऱ्या भागांपैकी एक. इंटेलने १९९५ मध्ये एटीएक्स नावाचे एक सर्वसाधारण माप ठरवून दिले. त्या मापाचा एसएमपीएस कोणत्याही शहरात सहज मिळतो. परंतु डेल, एचपी व लेनोवो यांच्या अनेक कार्यालयीन यंत्रांत डब्याचा आकार आणि तारांची जोडणी त्या त्या कंपनीची स्वतंत्र असते. असा डबा जळाला म्हणजे बाजारातला साधा डबा तेथे चालत नाही. तोच नेमका मागवावा लागतो. अगदी लहान आकाराच्या ‘मिनी’ यंत्रांत तर रॅमही लॅपटॉपच्या मापाची असते. जागा वाचते हे खरे, पण दुरुस्ती गावात होईलच असे नाही. म्हणून जागेची टंचाई नसेल तर उभ्या, मोठ्या कॅबिनेटचे यंत्र घेणे श्रेयस्कर. आणि यंत्र कोणतेही असो, त्याला यूपीएस व योग्य अर्थिंग यांची जोड हवीच.

याच ठिकाणी हमीचा प्रश्न येतो. हमी दोन प्रकारची असते. एकीत तंत्रज्ञ आपल्या दारी येतो. दुसरीत यंत्र उचलून सेवाकेंद्रात न्यावे लागते. नागपुरात राहणाऱ्यास या दोहोंत फारसे अंतर वाटणार नाही. परंतु सौंसरहून किंवा पांढुर्ण्याहून सावनेरमार्गे नागपूर गाठावयाचे, यंत्र ठेवून परतावयाचे, पुन्हा आणावयास जावयाचे, म्हणजे दोन दिवसांची मजुरी आणि दोन वेळचे भाडे गेले. तेव्हा दारी येणारी हमी घ्यावी, आणि ती आपल्या पिन कोडला लागू आहे किंवा नाही हे पैसे देण्यापूर्वी कंपनीकडूनच विचारून घ्यावे. मोठे नाव म्हणजे निर्दोष वस्तू असे मुळीच नाही. २००३ ते २००५ या काळातील डेलच्या काही ऑप्टिप्लेक्स यंत्रांत कपॅसिटर सदोष निघाले, आणि २००५ मध्ये त्या दुरुस्तीखर्चापोटी कंपनीला ३० कोटी डॉलर बाजूला काढावे लागले. दोष कोणाच्याही यंत्रात निघू शकतो. तो निघाल्यावर निस्तरणारा कोणी आहे काय, हा खरा प्रश्न आहे.

मग नागपूरच्या बाजारातून सुटे भाग जुळवून केलेला, म्हणजे असेम्बल केलेला संगणक घ्यावा काय? त्याचे गुण उघड आहेत. भाग सर्वत्र मिळणारे असतात आणि गावातला कारागीरही ते बदलू शकतो. परंतु प्रत्येक भागाची हमी निराळी, आणि सर्वांची मिळून जबाबदारी घेणारा कोणी नाही. शिवाय विंडोज परवान्यासह आहे की नाही, हे बिलावर पाहिल्याखेरीज कळत नाही. जाणता कारागीर हाताशी असेल तर हा मार्ग चांगला. नसेल तर तयार यंत्रच बरे.

तिसरा मार्ग मोठ्या कार्यालयांनी काढून टाकलेल्या, दुरुस्त करून विकलेल्या यंत्रांचा. ऑप्टिप्लेक्स, एलिटडेस्क, थिंकसेंटर ही यंत्रे अशा रीतीने पुष्कळ येतात आणि मुळात भक्कम असल्यामुळे ती उपयोगीही पडतात. येथे सावधगिरी हवी ती पिढीची. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपविला, आणि विंडोज ११ ला इंटेलचा सामान्यतः आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. ‘आय५-८५००’ यातील ८ हा आकडा पिढी सांगतो. ६ किंवा ७ ने सुरू होणारा अंक असेल तर स्वस्ताई पाहून भुलू नये. लोकांचे आधार आणि बँकेचे कागद हाताळणाऱ्या कियोस्कमध्ये तर मुळीच नाही. यंत्रावरील क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर घातला की हमीची स्थिती समजते. ही तपासणी दुकानातच उभ्या उभ्या करता येते.

अॅपलचा मॅक मिनी हे यंत्र शांत व टिकाऊ आहे. परंतु नोव्हेंबर २०२० पासून आलेल्या त्याच्या नव्या पिढीत रॅम नंतर वाढविता येत नाही, आणि अंगठ्याचे ठसे घेणारी बरीच उपकरणे विंडोज गृहीत धरूनच केलेली असतात. कियोस्कसाठी ते सोयीचे नाही. मराठी लिहिण्याच्या दृष्टीने मात्र आता कोणत्याही कंपनीत भेद उरलेला नाही. एकेकाळी देवनागरीसाठी संगणकात पुण्याच्या सी-डॅकचे जिस्ट कार्ड बसवावे लागे; आज युनिकोडमुळे ती गरज संपली. मध्य प्रदेशातील सीपीसीटी परीक्षेस बसणाऱ्या मुलांनीही कंपनी न पाहता चांगला कळफलक आणि इन्स्क्रिप्टचा सराव यांकडे लक्ष द्यावे.

तात्पर्य असे की, विद्यार्थ्याच्या घरी कोणत्याही प्रतिष्ठित कंपनीचे घरगुती यंत्र पुरेसे आहे. मात्र त्यात जुन्या हार्ड डिस्कऐवजी एसएसडी आणि किमान ८ जीबी रॅम असावी. कियोस्क व शाळा यांनी कार्यालयीन वर्गातील, उभ्या कॅबिनेटचे, दारी येणाऱ्या तीन वर्षांच्या हमीचे यंत्र घ्यावे. डेल, एचपी, लेनोवो आणि एसर यांच्यात शेवटची निवड करताना गावातील ज्यांच्याकडे तीच यंत्रे आहेत त्यांना एकच प्रश्न विचारावा : यंत्र बिघडल्यावर तंत्रज्ञ किती दिवसांनी आला? त्या उत्तरात जाहिरातीपेक्षा अधिक सत्य असते.