स्पेनमध्ये मुलाखत देताना... आधी 'उस्तेद', मग 'तू'!

एकेरी संबोधनासाठीच्या स्पॅनिश शब्दाचा उच्चार थेट मराठी 'तू'सारखाच आहे. आदरार्थी शब्द मात्र 'उस्तेद'. माद्रिद वा बार्सिलोना येथे नोकरीच्या मुलाखतीसाठी जाणाऱ्या उमेदवाराची पहिली परीक्षा या दोन शब्दांच्या निवडीतच होते.

स्पेनमधील कार्यालयांत, विशेषतः तरुणांच्या कंपन्यांत, 'तू' सर्रास चालतो. तरीही मुलाखतीचा प्रारंभ 'उस्तेद'नेच करावा आणि समोरच्याने सुचवल्यावरच एकेरीवर यावे, असा संकेत आहे. अशी सूचना हे जवळिकीचे लक्षण मानले जाते. त्यानंतरही 'उस्तेद' धरून बसणे म्हणजे अंतर राखणेच होय. ओळखीच्या माणसांत गालाला गाल लावून अभिवादन करण्याची तेथे प्रथा असली, तरी मुलाखतीत हस्तांदोलनच योग्य.

नावाबाबत मराठी उमेदवारांनी अधिक सावध राहावे. स्पेनमध्ये प्रत्येकाला दोन आडनावे असतात. परंपरेने आधी वडिलांचे, नंतर आईचे. संबोधनात सहसा पहिलेच वापरतात. म्हणूनच राफाएल नदाल पॅरेरा हा टेनिसपटू जगाला 'नदाल' म्हणून ठाऊक आहे. या पद्धतीमुळे मराठी नावातील वडिलांचे नाव तेथे पहिले आडनाव समजले जाण्याची शक्यता असते. साहजिकच अर्ज, पारपत्र आणि प्रमाणपत्रे यांवरील नाव एकसारखे हवे. अन्यथा पुढे कागदपत्रांचा घोळ होतो.

संभाषणाची सुरुवात अनेकदा प्रवास, शहर, कुटुंब अशा विषयांनी होते. हा वेळेचा अपव्यय नव्हे. उमेदवार माणूस म्हणून कसा आहे, हे त्यातून जोखले जाते. मात्र आपुलकीलाही कायद्याची मर्यादा आहे. २०२२ च्या समान वागणूक कायद्यानुसार उमेदवाराच्या आरोग्यस्थितीविषयी प्रश्न विचारण्यास नोकरी देणाऱ्याला मनाई आहे. असा प्रश्न आलाच, तर शांतपणे कामाच्या विषयाकडे वळणे श्रेयस्कर.

आपल्याकडील 'वशिल्या'साठी स्पॅनिशमध्ये 'एन्चुफे' हा शब्द आहे. त्याचा मूळ अर्थ विजेचा प्लग! ओळखीचे महत्त्व तेथेही आहे, हे त्यावरून दिसते. ज्याचा असा 'प्लग' कुठेच जोडलेला नाही, त्या परक्या उमेदवाराला विश्वास मिळवण्यासाठी मुलाखतीचा तेवढाच वेळ हाती असतो.