काळ्या दगडाच्या पोटात

नरनाळ्याचा डोंगर असो की गाविलगडाचा, वऱ्हाडातला काळा दगड म्हणजे बेसाल्ट. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून आलेला लाव्हा थरावर थर पसरत गेला. चिखलदऱ्याच्या कड्यांवर त्या थरांच्या पायऱ्या आजही स्पष्ट दिसतात.

हा दगड फोडून ताजी बाजू उन्हात धरा. बारीक पांढुरक्या काड्या चमकतात, त्या फेल्डस्पार या खनिजाच्या. भोवतालचा काळेपणा मुख्यतः पायरॉक्सीनचा. स्फटिक एवढे बारीक, कारण लाव्हा उघड्यावर लवकर थिजला. त्यांना वाढायला वेळच मिळाला नाही. तोच रस खोल जमिनीत सावकाश निवला असता, तर गॅब्रो हा भरड खडक झाला असता. वायूच्या बुडबुड्यांनी ठेवलेल्या पोकळ्यांत मात्र पुढे पाणी झिरपले आणि झिओलाइट, गारगोटी यांचे देखणे स्फटिक वाढले. या खडकातले सर्वांत सुंदर मला तेच वाटतात.

कपाशीची काळी जमीनही याच खडकाची झीज. तिच्यातली चिकणमाती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते.

पूर्णा नदीच्या वाळूत एकदा चुंबक फिरवून बघा. चिकटणारे काळे कण बहुतांशी मॅग्नेटाइटचे असतात, तेही मुख्यतः याच बेसाल्टमधून सुटून आलेले.