ताई पुस्तकात हसत नाहीत

सकाळी ७.२०
पुणे, कर्वेनगर. गॅसवर कुकर, ओट्यावर दोन फोन. एक तिचा. दुसरा जुना, काच कोपऱ्यात तडकलेली. तो पॉडकास्टचा. रात्रीतून त्यावर सदतीस व्हॉट्सॲप आलेत, बहुतेक बोलून पाठवलेले. ती एका कानात इअरफोन घालते, वेग दीडपट करते आणि कणीक मळायला घेते. पुढचा मेसेज करंगळीने दाबायचा. तेवढं एक बोट कोरडं ठेवलेलं असतं.

दोन लेखक मिळून एक मराठी पॉडकास्ट चालवतात. सर कथा लिहितात. ताई ललित लिहितात, अनुवाद करतात. दर गुरुवारी पहाटे नवा भाग येतो. ही त्यांची एडिटर. नावं छापायची नाहीत, पॉडकास्टचंही नाही, या अटीवर तिने मला दिवसभर शेजारी बसू दिलं. आज बुधवार. म्हणजे आज रात्री भाग गेलाच पाहिजे.

पहिला आवाज एटीएमवर रात्रपाळी करणाऱ्या काकांचा. “सरांना म्हणावं, ताईंचं वाक्य पुरं होऊ द्या. त्या काहीतरी सांगायला येतात आणि तुम्ही मध्येच घुसता.”

“हे या आठवड्यातलं पाचवं,” ती म्हणते आणि कणकेला तेलाचा हात लावते.

९.१०
नारायण पेठ, दुसरा मजला. नऊ हजार भाड्याची खोली. ती एका व्हिडिओवाल्या मित्राबरोबर निम्मी-निम्मी वापरते. भिंतींना आईच्या दोन गोधड्या आणि जुन्या बाजारातून आणलेला एक गालिचा. आधी अंड्यांचे ट्रे लावले होते. त्यांनी काही होत नाही, नुसती धूळ बसते, असं तिचं मत. खाली बुकबाइंडिंगचं दुकान आहे. तिथलं कटिंग मशीन दिवसभर दणके देतं. म्हणून रेकॉर्डिंग संध्याकाळी सहानंतर आणि एडिटिंग दिवसा, कान झाकून.

सामान थोडंच. दोन माइक, एक ऑडिओ इंटरफेस, सेकंडहँड लॅपटॉप. हेडफोनचे पॅड दर पावसाळ्यानंतर सोलवटतात. नवीन जोडी साडेचारशेला. सॉफ्टवेअर ‘रीपर’, साठ डॉलरचा परवाना. प्रत्येक माइकच्या तोंडापुढे रबरबँडने एक शिसपेन्सिल उभी बांधली आहे. भ, फ, ख म्हणताना तोंडातून फुंकर सुटते, ती माइकवर आदळली की धप्प असा आवाज येतो. पेन्सिल ती फुंकर फोडते. त्यासाठी वेगळी जाळीही मिळते. पेन्सिल पाच रुपयांना मिळते.

९.४०
स्क्रीनवर दोन पट्ट्या. वर सर, खाली ताई. एक तास चोवीस मिनिटांचं बोलणं आहे. बावन्न मिनिटांत बसवायचं.

सरांची पट्टी बघितली तरी ओळखू येते. सलग, भरीव, मध्ये फटी नाहीत. सर पूर्ण वाक्यात बोलतात. कर्ता, कर्म, क्रियापद, वर एखादं पोटवाक्य. कापायला जागा सापडत नाही, कारण एक धागा ओढला की चार वाक्यं निघतात. ताईंची पट्टी तुटक. “म्हणजे असं की… नाही, थांब.” मग हसणं. मग एकदम एक वाक्य, असं की ऐकताना ती स्वतः माउसवरून हात काढून घेते.

पहिला तास नुसती साफसफाई. दातांवर जीभ लागल्याचा टचक आवाज. खुर्ची. कपबशी. सरांचं “ॲक्चुअली”, मी आठापर्यंत मोजले. श्वास मात्र ती सगळे काढत नाही. श्वास काढले की माणूस बातम्या वाचतोय असं वाटतं. कापलेल्या जागी रिकामं सोडत नाही. दर रेकॉर्डिंगच्या शेवटी सगळ्यांना अर्धं मिनिट गप्प बसवून ती खोलीचा आवाज भरून घेते. त्याचेच तुकडे फटीत घालायचे.

११.३०
चहा. बारा रुपये कटिंग. खालचा पोरगा वर आणून देतो म्हणून पंधरा.

११.५०
सरांचा फोन. तेविसाव्या मिनिटाला त्यांनी एक विशेषण वापरलंय, ते त्यांना रात्रभर खटकत होतं. बदलता येईल का? त्यांनी घरी फोनवर रेकॉर्ड करून पाठवलंय.

ती लावून बघते. सकाळचा आवाज खर्जातला, मागे पंखा. आजूबाजूचं सगळं संध्याकाळचं, गोधडीतलं. मध्येच एक शब्द भलत्या माणसाने म्हटल्यासारखा ऐकू येतो.

“सर, नाही बसत.”

“बघ की जरा.”

ती वीस मिनिटं बघते. नाही बसत. शेवटी आख्खं वाक्यच काढून टाकते. त्यावाचून काही अडत नाही.

लिहिणाऱ्या माणसांचं हे असं असतं. प्रूफ शेवटपर्यंत आपल्या हातात असतं, याची सवय. बोललेलं परत घेता येत नाही, हे त्यांना दर आठवड्याला नव्याने कळतं.

दुपारी १.४०
डबा. पोळी, गवार, ताक. आणि हिशेब, मी विचारला म्हणून.

भागाला ३,२००. महिन्याचे चार भाग, कधी पाच. ऑडिओबुकचं काम आलं तर तयार तासाला ९००. एक तयार तास म्हणजे तिचे चार तास. एका क्लासचे व्हिडिओ आहेत, ते नियमित. भाडं साडेचार हजार, वीज वेगळी, गाडीत आठवड्याला दोनशेचं पेट्रोल. पॉडकास्टला जाहिरात नाही. सर आणि ताई पदरचे घालतात, निम्मे-निम्मे.

ऐकणाऱ्यांना हे माहीत नाही. परवाच एकाने सुनावलं होतं, “लाखांनी कमावता, तर माइक तरी बरा घ्या.” तिने तो मेसेज सरांना पाठवला. सरांनी ताईंना पाठवला. ताईंनी पेन्सिलीचा फोटो परत पाठवला.

२.२५
आता वही. दोनशे पानी, आखीव. ऐकणाऱ्यांची मतं ती हाताने उतरवते. डावीकडे सर, उजवीकडे ताई, खाली दोघांचं मिळून. तासभर हे काम चालतं. याचे पैसे धरलेले नाहीत.

मी पानं उलटतो. पुस्तकांबद्दल फारच थोडं आहे. मला वाटलं होतं, लेखक आहेत म्हणून लोक ऐकत असतील. बऱ्याच जणांना ते लेखक आहेत हे ऐकता ऐकता कळलेलं दिसतं. मतं आहेत ती आवाजांवर, हसण्यावर, कोण कोणाला बोलू देतं यावर.

सांगलीचे एक निवृत्त मास्तर: “सर लिहून आणतात काय? बोलतात त्यात खाडाखोड नाही.”

मालवाहू टेम्पो चालवणारा एक: “सर बोलायला लागले की घाट कधी संपतो कळत नाही. ताईंचं मात्र गाडी थांबवून ऐकावं लागतं.” हे कौतुक की तक्रार, तिला ठरवता आलेलं नाही. दोन्ही रकान्यांच्या मधोमध लिहिलंय.

मँचेस्टरची एक मुलगी: “तुम्ही दोघं एकमेकांच्या पुस्तकांचं फार कौतुक करता. भांडा की कधी.”

मेसमध्ये पोळ्या लाटणाऱ्या एक मावशी: “आवाज वाढवा. लाटण्याच्या आवाजात ताई ऐकू येत नाहीत. ताई शेवटी ‘आहे’ म्हणाल्या का ‘नाही’, तेच कळत नाही.”

आणि नगरच्या एका ग्रंथपाल बाईंचा, लाल पेनाने चौकट केलेला: “तुमचं ऐकून ताईंचं पुस्तक मागवलं. चांगलं आहे. पण ताई पुस्तकात हसत नाहीत.”

हा मेसेज तिने ताईंना अजून ऐकवलेला नाही. तीन आठवडे झाले.

लेखकाने माइकपुढे बसणं पुण्याला नवं नाही. आकाशवाणीचं पुणे केंद्र १९५३ साली सुरू झालं. व्यंकटेश माडगूळकरांनी तिथे ग्रामीण विभागात बरीच वर्षं नोकरी केली. मंगेश पाडगावकर मुंबई केंद्रावर होते. पण ती सरकारी नोकरी होती. महिन्याला पगार व्हायचा आणि ऐकणाऱ्याचं मत पोस्टकार्डाने यायचं. ते केंद्राच्या नावावर यायचं, वाटेत चार माणसांच्या हातांतून जायचं. इथे मत थेट ओट्यावर येतं, आवाजासकट, आणि मधलं माणूस एकच आहे. तिचे हात कणकेत आहेत.

३.३०
मावशींची तक्रार ती गंभीरपणे घेते. एकूण आवाज कमी नाही, मीटर तसं सांगतो. गोची वेगळी आहे. ताई वाक्याच्या शेवटी आवाज सोडून देतात. मराठीत क्रियापद शेवटी. म्हणजे नेमकं तेच बुडतं.

आपोआप आवाज सारखा करणारं एक बटण आहे. ते दाबलं तर ताईंचा श्वास आणि खालच्या मशीनची गुरगुरही वर येते. म्हणून हाताने. प्रत्येक वाक्याची शेपटी पकडायची आणि तीन-चार डेसिबल उचलायची. “आहे.” उचल. “वाटतं मला.” उचल. “नव्हतं.” उचल. बावन्न मिनिटांत असं किती वेळा, ते मी मोजलं नाही. सव्वा तास गेला.

४.५०
मग पाच जणांची ती तक्रार, सर ताईंना बोलू देत नाहीत ही. तिने आकडाच काढला. आत्ताच्या कटमध्ये सर एकतीस मिनिटं, ताई सतरा, उरलेली चार संगीत आणि हसणं.

कच्च्या रेकॉर्डिंगमध्ये फरक एवढा नाही. ताई स्वतःच सांगतात, “माझं ते अडखळणं काढ गं.” आणि अडखळणं काढलं की ताईच निघून जातात. आज ती तीन मिनिटं परत आणते. दोन अर्धवट वाक्यं, एक लांब “हं…”, आणि वडिलांच्या ग्रामोफोनची गोष्ट. गोष्टीला शेवट नाही. ताई मध्येच म्हणतात, “जाऊ दे, ते पुन्हा कधीतरी.” सरांचा एक परिच्छेद जातो. हो, परिच्छेदच. सर अठ्ठावीस, ताई वीस.

“ताईंना विचारलंस?”

“विचारलं तर नाही म्हणतील.”

संध्याकाळी ६.०५
खालचं मशीन थांबतं. सर येतात, मागोमाग ताई, हातात बाकरवडीचा पुडा. पंखा बंद. खिडकी बंद. दोन मिनिटांत खोली तापते. आज पुढच्या आठवड्याचं रेकॉर्डिंग.

आधी वही वाचायची, असा नियम आहे. मास्तरांचं “लिहून आणतात काय” आल्यावर सर म्हणतात, “छे!” ताई हात पुढे करतात. सर जरा थांबून खिशातून कागद काढून देतात. दोन पानी, बारीक अक्षर. ताई तो घडी घालून स्वतःच्या पर्समध्ये ठेवतात. “आज याच्याशिवाय.”

सरांना भाग मोठे हवे आहेत. मुंबईचे अमित वर्मा यांचं उदाहरण ते देतात. कादंबरीकार माणूस, २०१७पासून ‘द सीन अँड द अनसीन’ करतोय, पाच-पाच तासांचे भाग, आणि लोक ऐकतात. अजय शहांबरोबर तर वेगळा कार्यक्रमही केला. शहाही पुस्तक लिहिणारेच.

“लोक दुप्पट वेगाने ऐकतात, सर,” ती म्हणते. “मी एकपट वेगाने कापते. आणि माझा दर भागाला आहे, तासाला नाही.”

विषय तिथेच संपतो.

ती माइक तोंडापासून वीतभर अंतरावर ठेवते, ताईंचा जरा जवळ. गेन लावते. “काय जेवलात सांगा.” पातळी बघायला हाच प्रश्न. सर वरण-भात म्हणतात. ताई भाकरी म्हणतात. पेन्सिल भ फोडते.

कागद नसल्यामुळे सर पहिली दहा मिनिटं चाचपडतात. दोनदा वाक्य अर्ध्यात सोडतात. एकदा चक्क “म्हणजे असं की…” म्हणतात. ताई हसतात. ती लाल दिव्याकडे बघत वहीत वेळ टिपून ठेवते. हे कापायचं नाही, अशी खूण.

८.१५
दोघं गेले. जिन्यात सरांचा आवाज ऐकू येतो, तिथेही पूर्ण वाक्यात. जाण्याआधी तिने ताईंना चौकटीतला मेसेज ऐकवला. ताईंनी तो दोनदा ऐकला. म्हणाल्या, “बाईंचा पत्ता माग. पुढचं पुस्तक पाठवते.” मग म्हणाल्या, “त्यातही हसलेले नाही म्हणा.”

८.३०
उद्याचा भाग शेवटचा एकदा आख्खा ऐकायचा. लॅपटॉपवर नाही, तडकलेल्या फोनच्या स्पीकरवर, आणि शेजारी नळ सोडून. मावशींची परीक्षा. “नव्हतं” ऐकू येतं. “आहे” ऐकू येतं. सदतिसाव्या मिनिटाला एक “वाटतं” बुडतं. परत वर, परत उचल.

एकूण पातळी उणे सोळावर. ॲपलचा सल्ला तोच आहे. एमपीथ्री, १२८ केबीपीएस, साधारण पन्नास एमबी. घरचं वायफाय बरं, पण वीज जाण्याची भीती, म्हणून इथूनच अपलोड. वेळ पहाटे पाचची लावायची. रात्रपाळीच्या काकांची ड्यूटी सहाला सुटते, त्यांना शेवटचा तासभर मिळतो.

९.२५
ती गाडीची चावी शोधते, सापडत नाही, गोधडीखाली सापडते. मग उभ्यानेच दोघांना एकत्र मेसेज करते. मागचे दोन भाग आणि हा, मिळून ९,६००. निम्मे-निम्मे.

दोन मिनिटांत ताईंचे ४,८०० आले. सरांकडून अंगठा आला.