मुक्त प्रणाली व मुकीं यंत्रें

संगणकास चालविणारी मूळ प्रणाली मुक्त असावी, म्हणजे तिची घडण कोणासही वाचतां, सुधारतां व वांटतां यावी, हा विचार सुशिक्षित कुटुंबांस आतां नवा राहिला नाहीं. (मुक्त म्हणजे फुकट नव्हे, मुक्त वस्तूचें मोलही घेतां येतें.) केंद्र सरकारनें 2015 सालीं शासकीय कामांत खुल्या संहितेच्या सॉफ्टवेअरास पसंती द्यावी असें धोरणच ठरविलें. पुण्यास मुख्य कचेरी असलेल्या सी-डॅक ह्या सरकारी संस्थेची ‘बॉस’ नांवाची लिनक्स प्रणाली तर 2007 पासून आहे, व तींत मराठींतून काम करतां येतें. मग अडलें कोठें?

अडलें तें यंत्रांपाशीं. प्रिंटर, स्कॅनर, अंगठ्याचा ठसा घेणारें उपकरण, ह्यांपैकीं प्रत्येकास प्रणालीची भाषा समजावून देणारा एक दुभाषी लागतो. त्यास ड्रायव्हर म्हणतात. कारखानदारानें तो विंडोजपुरताच केला व यंत्राची अंतर्गत माहिती गुप्त ठेविली, तर नवें कोरें यंत्रही लिनक्सपुढें मुकें ठरतें. आमच्या परभणी जिल्ह्यांतील जिंतूर वा पालमच्या एखाद्या शाळेनें हौसेनें मुक्त प्रणाली बसविली आणि ऐन निकालाच्या वेळीं प्रिंटर बोलेना, तर मुख्याध्यापक काय करतील? विंडोज परत आणतील. आणि आम्ही त्यांस दोष देणार नाहीं.

गंमत अशी कीं, ह्या चळवळीचें एक मूळ प्रिंटरांतच आहे. अमेरिकेंतील एमआयटीच्या प्रयोगशाळेंत 1980 च्या सुमारास झेरॉक्सचा नवा प्रिंटर आला. कागद अडकतांच सर्वांस सूचना जावी अशी सोय रिचर्ड स्टॉलमन ह्यांनीं जुन्या यंत्रास करून दिली होती. नव्याची मूळ संहिताच त्यांस मिळेना. पुढें 1983 सालीं त्यांनीं ग्नू प्रकल्प जाहीर केला.

सरकार हें फार मोठें गिऱ्हाईक आहे. लिनक्सवर चालणारा ड्रायव्हर दिल्यावांचून माल घेणार नाहीं, एवढी अट निविदेंत घातली तर कारखानदार मुकाट्यानें दुभाषी धाडतील. सरकारी खरेदींतील ड्रायव्हरांविषयीं धोरणाचा मसुदा केंद्राच्या माहिती-तंत्रज्ञान खात्यानें 2015 पूर्वींच काढला होता. परंतु मसुद्यानें प्रिंटर चालत नाहीं. 14 ऑक्टोबर 2025 रोजीं विंडोज 10 चा सर्वसाधारण पाठिंबा थांबला, व पुष्कळ धडधाकट संगणक विंडोज 11 च्या अटींत बसत नाहींत. ते भंगारांत घालावयाचे कीं लिनक्सवर आणखी वर्षानुवर्षें राबवावयाचे, हें सोबतच्या यंत्रांवर अवलंबून आहे.

घरीं प्रिंटर घेतांनाही दुकानदारास लिनक्सविषयीं अवश्य विचारावें, आणि घरांतील कोणी वडील शाळा-समितीवर असतील तर त्यांनीं खरेदीच्या कागदावर ही अट आधींच लिहवून घ्यावी.