तळघराची ओल आणि दहा वर्षांची हमी

मुंबई, ठाणे, पुणे या शहरांत वाहनतळासाठी इमारतीचे एक-दोन मजले जमिनीखाली नेण्याची पद्धत रुळल्यापासून तळघरात पाणी झिरपण्याची तक्रार गच्चीच्या गळतीइतकीच नेहमीची झाली आहे, आणि जलरोधनाचे, म्हणजे बोलीभाषेत वॉटरप्रूफिंगचे, काम करणाऱ्या कंत्राटदाराने दिलेली दहा वर्षांची हमी बहुतेक सोसायट्यांच्या कपाटात जपून ठेवलेली असते. हा कागद स्टॅम्प पेपरवर असला की तो अभेद्य झाला, असा एक गोड समज आहे. प्रत्यक्षात पूर्वीचा शंभराचा किंवा आताचा पाचशेचा स्टॅम्प पेपर करार लेखी झाल्याचे दाखवतो, हमीची व्याप्ती मात्र त्यावरील वाक्यांनीच ठरते. आणि त्या वाक्यांत ‘प्रक्रिया केलेल्या भागापुरती’ असे शब्द असले, तर पुढचा सगळा वाद त्या तीन शब्दांभोवतीच फिरतो.

हे शब्द इतके महत्त्वाचे का ठरतात, हे समजण्यासाठी पाणी तळघरात कसे येते ते पाहिले पाहिजे. तळघरासाठी मुरूम आणि काळा पाषाण फोडून खड्डा केला जातो, भिंती उभ्या राहिल्यावर त्यांच्या बाहेरची फट भरावाने बुजवली जाते, आणि भोवतालचा खडक सहजासहजी पाणी शोषत नसल्यामुळे पावसाळ्यात त्या सैल भरावात हौदासारखे पाणी साठते. साठलेल्या पाण्याच्या दर मीटर उंचीमागे तळाशी प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे एक टन दाब पडतो. म्हणजे भिंतीबाहेर तीन मीटर पाणी उभे असेल, तर तिच्या पायथ्याशी हा भार तीन टनांच्या घरात जातो. एवढ्या दाबाचे पाणी काँक्रीटमधील कच्चे दुवे अचूक शोधते. तळाचा स्लॅब आणि भिंत यांचा सांधा, एका दिवशीचे काँक्रीट संपून दुसऱ्या दिवशीचे सुरू झालेली रेषा, नीट न ठोकल्यामुळे राहिलेली मधमाशांच्या पोळ्यासारखी पोकळी, नळ किंवा केबलसाठी पाडलेले भोक, ही त्याची नेहमीची दारे. आणि लिफ्टचा खड्डा सर्वांत खोल असल्याने पहिले पाणी बहुधा तिथेच दिसते.

खरे जलरोधन भिंतीच्या बाहेरच्या, म्हणजे पाण्याच्या बाजूने होते. शहाबादी फरश्या बाहेरून उभ्या लावून आणि त्यांच्यामागे सिमेंटचा माल ओतून केलेले ‘बॉक्स टाइप’ काम हा त्याचा जुना प्रकार, तर डांबरी पडदा चिकटवणे हा अलीकडचा. इमारत उभी राहून भोवती रस्ता आणि बगिचा झाल्यावर ही बाजू पुन्हा उघडणे जवळजवळ अशक्य असते, म्हणून दुरुस्ती आतून करावी लागते: सांध्यात छिद्रे पाडून, त्यांत नोझल बसवून, दाबाने पॉलियुरेथेनचे रसायन भरले जाते किंवा भिंतीवर सिमेंटयुक्त लेप दिला जातो. आतला लेप पाण्याच्या दाबाने भिंतीपासून सुटू पाहतो, आणि एक भेग बंद झाली की पाणी चार फुटांवर दुसरीकडे डोकावते. कंत्राटदार तेव्हा ‘ही जागा आमच्या कामातली नाही’ असे म्हणतो, आणि कागदाप्रमाणे ते खरेही असते. त्यामुळे तुकड्यापुरती दिलेली हमी तळघराच्या बाबतीत जवळजवळ निरुपयोगी मानावी. ती किमान सांध्यापासून सांध्यापर्यंतच्या संपूर्ण भिंतीसाठी आणि ‘या भिंतीतून पाणी येणार नाही’ अशा परिणामाच्या भाषेत लिहून घेणे आवश्यक आहे.

हमी वापरण्याची वेळ आल्यावर पहिला प्रश्न पाणी कुठले, हा असतो. भिंतीवरचा पांढरा लोणा आणि रंगाचे पापुद्रे ओल असल्याचे सांगतात, तिचा उगम सांगत नाहीत. प्लास्टिकचा एक फूट चौरस कागद कोरड्या दिसणाऱ्या भागावर चारही कडांनी चिकटपट्टी लावून २४ तास ठेवला आणि थेंब त्याच्या भिंतीकडील बाजूला आढळले, तर ओल भिंतीतून येत आहे. ते खोलीकडील बाजूला आढळले, तर हवेतील बाष्प गार पृष्ठभागावर जमत आहे, आणि अशा ओलीचा उपाय वायुवीजन हा असल्याने तिच्यासाठी कंत्राटदाराला धरणे चुकीचे ठरते. तळघराला लागून भूमिगत टाकी असेल, तर रात्री पाण्याचा आवक-जावक व्हॉल्व्ह बंद करून टाकीची पातळी खडूने आखावी आणि पहाटे ती उतरली का ते पाहावे. झिरपलेल्या ताज्या पाण्यात क्लोरीनचा अंश मिळाला, तर ते नळाचे असण्याची दाट शक्यता असते. मात्र मातीतून येताना क्लोरीन नाहीसा होऊ शकतो, म्हणून तो न मिळाल्याने उलट निष्कर्ष काढता येत नाही. भर मे महिन्यातही ओल तशीच राहिली, तर संशय टाकी आणि नळांवर अधिक जातो. या तपासण्यांना फारसा खर्च नाही, पण त्या आधी केल्या की कंत्राटदाराचे अर्धे बचाव गळून पडतात.

दुसरा प्रश्न जबाबदार कोण, हा आहे. मूळ बांधकामातील जलरोधन फसले असेल, तर २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याच्या कलम १४ नुसार, ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत निदर्शनास आणलेला बांधकामाच्या दर्जातील किंवा कारागिरीतील दोष विकासकाने ३० दिवसांत विनामोबदला दूर करायचा असतो, आणि त्याने तसे न केल्यास भरपाई मागता येते. जलरोधन करणाऱ्याने ही हमी विकासकाच्या नावे दिलेली असेल, तर सोसायटीने कागदपत्रे ताब्यात घेतानाच ती आपल्या नावे लेखी वर्ग करून घ्यावी. सोसायटीने स्वतः काम करून घेतले असेल, तर संबंध थेट त्या कंत्राटदाराशी येतो. रसायन बनवणाऱ्या कंपनीची हमी सहसा मालापुरती असते आणि मजुराने ते कसे भरले याची जबाबदारी ती घेत नाही, हे अनेकांच्या फार उशिरा ध्यानात येते.

तक्रार फोनवर करून थांबू नये. हमीची तारीख, ओल दिसल्याचा दिवस, भिंतीचा नेमका भाग आणि तारखेसह छायाचित्रे जोडलेले पत्र ईमेलने व पोचपावतीच्या टपालाने पाठवून संयुक्त पाहणीसाठी ठरावीक दिवस मागावा, आणि पाहणीनंतर दोन्ही बाजूंच्या सह्यांची नोंद करावी. ‘पाऊस संपला की करून देतो’ हे उत्तर लेपाच्या बाबतीत काही अंशी रास्त आहे, कारण अनेक लेपांना पाणी वाहत नसलेला पृष्ठभाग लागतो; पॉलियुरेथेनचे इंजेक्शन मात्र पाण्याशी संयोग होऊनच फुगते, त्यामुळे वाहती गळती हे ते पुढे ढकलण्याचे कारण होऊ शकत नाही. मुदत देऊनही काम झाले नाही, तर स्वतंत्र अभियंत्याचा अहवाल आणि दुसऱ्या कंत्राटदारांची दरपत्रके घ्यावीत, आणि भिंतीला हात लावण्यापूर्वी मूळ कंत्राटदाराला तसे कळवावे. अन्यथा ‘आमच्या कामात दुसऱ्याने ढवळाढवळ केली’ हा आक्षेप हमीच संपवू शकतो.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधील ‘व्यक्ती’ या संज्ञेत सहकारी संस्थेचाही समावेश असल्याने सोसायटीला स्वतःच्या नावे तक्रार करता येते. कामासाठी दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल, तर ती जिल्हा आयोगाकडे जाते आणि पाच लाखांपर्यंत शुल्कही लागत नाही. मुदत वादाचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. उशिराचे समाधानकारक कारण दिल्यास आयोग तो माफ करू शकतो, परंतु कंत्राटदाराच्या ‘येतो, बघतो’वर गेलेले तीन पावसाळे हे असे कारण मानले जाईलच याची खात्री नसते आणि नुसत्या स्मरणपत्रांनी मुदत वाढत नाही. ऑक्टोबरनंतर बाहेरचे पाणी उतरले की भिंत आपोआप कोरडी पडू लागते आणि पाहणीला आलेल्या माणसाला दाखवायला काही उरत नाही, म्हणून ज्या जुलैत ओल दिसेल त्याच जुलैत पहिले पत्र गेले पाहिजे.